तोंडात दिसणारे सिस्टेमिक (सगळ्या शरीराचे) आजार: ओरल पॅथॉलॉजीचा हा भाग लक्षातच राहत नाही, कसा वाचायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी, इथे बरेच डेंटिस्ट आणि मेडिकलवाले आहेत म्हणून धागा काढतेय. मी बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) थर्ड इयरला आहे, परीक्षा जवळ आलीये, आणि या वर्षी ओरल पॅथॉलॉजीसोबत (तोंडाच्या आजारांचा अभ्यास, म्हणजे ओपी) जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी पण आहे त्यामुळे तेच आजार तीन ठिकाणी तीन पद्धतीने येतात. मेडिसिनच्या पुस्तकात अॅनिमियाची दहा पानं आणि जीभ एका ओळीत, ओपीच्या पुस्तकात जीभ पानभर आणि बाकीचा माणूस एका ओळीत. मी मोठा तक्ता केलाय, डावीकडे आजार आणि उजवीकडे तोंडात काय दिसतं, पण दोन दिवसांनी सगळं एकमेकांत मिसळून जातं. हिरड्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) सुजतात, फेनिटोइनने (फिट्सच्या औषधाने) सुजतात, प्रेग्नन्सीत सुजतात, स्कर्व्हीत पण सुजतात, मग व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) नुसता फोटो पुढे केला तर ओळखायचं कशावरून? सीनियर म्हणतात घोकून टाक. मला घोकायचं नाहीये, पुढे पेशंट बघायचेत. कुणी नीट सांगेल का?

स्लाइडवाली

रानजाई, छान धागा काढलास. मी ओरल पॅथॉलॉजी शिकवते, बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची तपासणी) रिपोर्टिंग पण करते, तर माझ्या पद्धतीने सांगते.

आधी तो तक्ता उलटा कर. डावीकडे जे दिसतं ते लिही आणि उजवीकडे आजार, कारण खुर्चीत बसलेला पेशंट "मला ल्युकेमिया आहे" म्हणत नाही, "ब्रश केला की रक्त येतं" म्हणतो. आणि तिसरा रकाना कर, तो सगळ्यात महत्त्वाचा: हे दिसलं तर आज कुठली तपासणी लिहून द्यायची. हा तिसरा रकाना मनात असेल तर पहिले दोन आपोआप लक्षात राहतात.

तुझ्याच हिरड्या घेऊ. फोटो बघताना हिरडी घट्ट आहे की मऊ लिबलिबीत ते आधी बघ. औषधाने वाढलेली हिरडी दोन दातांमधल्या टोकापासून वाढायला लागते, घट्ट असते, रंग बऱ्यापैकी नॉर्मल गुलाबी, दाबली तरी फारसं रक्त नाही (खाली प्लाक, म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर, साचून सूज आली तर गोष्ट वेगळी). जिथे दात नाही तिथे सहसा वाढत नाही. फेनिटोइनमुळे हिरडी वाढते हे १९३९ पासून माहीत आहे आणि ते घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना होतं. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांची सायक्लोस्पोरिन आणि बीपीच्या गोळ्यांतली निफेडिपिन, अॅमलोडिपिन ही बाकीची दोन घराणी. प्रेग्नन्सीत सूज प्लाकमुळेच येते पण हार्मोनमुळे हिरडी त्या प्लाकला जास्त जोरात प्रतिसाद देते, दुसऱ्या महिन्यापासून दिसायला लागते आणि आठव्यापर्यंत वाढत जाते. एखादा लाल गोळा आला तर त्याला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, स्लाइडवर तो पायोजेनिक ग्रॅन्युलोमाच असतो.

ल्युकेमियाची हिरडी मात्र मऊ, फुगलेली, निळसर लाल, आणि काहीही न करता रक्त येणारी. त्यात खरोखर ल्युकेमियाच्या पेशी शिरलेल्या असतात, विशेषतः अॅक्यूट मायलॉइडच्या मोनोसायटिक प्रकारांमध्ये म्हणजे जुन्या वर्गीकरणातले एम४ आणि एम५. घाण कमी आणि सूज फार, असं दिसलं की थांबायचं. हा पेशंट थकलेला दिसतो, ताप येऊन गेलेला असतो, अंगावर बारीक लाल ठिपके असतात. आज काय लिहायचं? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघणं), त्याच दिवशी. तोपर्यंत स्केलिंग (दातांची सफाई) नाही, एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) नाही, बायोप्सी पण नाही.

स्कर्व्ही कमी दिसते पण वाच, कारण त्यात कोलॅजन (टिश्यूला धरून ठेवणारे प्रोटीनचे धागे) समजतं. व्हिटॅमिन सी नसलं की प्रोलीन आणि लायसीनचं हायड्रॉक्सिलेशन होत नाही, कोलॅजन कच्चं राहतं, केशवाहिन्या फुटतात. हे लक्षात ठेव, पुढे सबम्युकस फायब्रोसिसला (तोंड आखडत जाणारा आजार) परत लागेल.

घाटावरचा_डेंटिस्ट

मॅडमनी लिहिलेलं शंभर टक्के. मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, इथे पेशंट फिजिशियनकडे जायच्या आधी आमच्याकडे येतो कारण रक्त हिरडीतून येत असतं.

कॉलेजला जाणारा एक मुलगा आला होता, आई बरोबर होती, म्हणाली दात साफ करून द्या, उशीला रक्त लागतंय. दातांवर किटण म्हणाल तर फारसं नव्हतं. हिरड्या वरखाली दोन्हीकडे दाताच्या निम्म्यापर्यंत चढलेल्या, जांभळट, आणि कापसाने नुसतं टिपलं तर रक्त. पापणी खाली ओढून बघितली, पांढरी फटक. पँट वर करायला लावली तर नडगीवर ठिपकेच ठिपके. स्केलर हातात न घेता समोरच्या लॅबमध्ये पाठवलं आणि लॅबवाल्याला फोन करून सांगितलं स्मिअर नीट बघ. तासाभरात त्याचाच फोन आला, पांढऱ्या पेशी लाखाच्या वर आणि प्लेटलेट वीस हजार. नॉर्मल पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात हे रानजाई तुला माहीतच असेल. दात काढायचा तर निदान पन्नास हजार प्लेटलेट लागतात असं साधारण धरतात, म्हणजे त्या पोराचं नुसतं स्केलिंग केलं असतं तरी काय झालं असतं विचार कर. त्याच दिवशी जिल्ह्याला पाठवला, ट्रीटमेंट चालू झाली.

म्हणून नवीन पोरापोरींना माझं सांगणं, सीबीसी लिहून द्यायला लाजू नका. "दाताचा डॉक्टर रक्त का तपासतोय" असं पेशंट विचारणारच, त्याला शांतपणे सांगायचं.

आणि अॅमलोडिपिनचं अजून एक. यात प्रमाण कमी असतं पण गोळी घेणारेच एवढे आहेत की महिन्याला एखाददुसरा दिसतोच. गोळी आपण बंद करायची नाही, फिजिशियनला चिठ्ठी लिहायची, बदलता येते का बघा म्हणून. आणि प्लाक काढत राहायचं, त्यानेही बराच फरक पडतो.

विदर्भकर

मी इंटर्न आहे, नागपूरकडचा. रानजाई, तुझं कॉलेज विदर्भात असेल तर दोन गोष्टी एकदम पक्क्या कर, सिकल सेल (लाल रक्तपेशी वाकड्या होणारा आजार) आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण).

सिकल सेलवर आमच्याकडे व्हायव्हाला हमखास विचारतात कारण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात पेशंट खरंच आहेत, आणि २०२३ मध्ये केंद्राचं सिकल सेल मिशन चालू झाल्यापासून कार्ड घेऊनच पेशंट येतात. तोंडात काय? किडलेला नसतानाही दात मेलेला सापडू शकतो, कारण पल्पच्या (दाताच्या आतल्या गाभ्याच्या) बारीक रक्तवाहिनीत वाकड्या पेशी अडकतात. खालच्या जबड्यात इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने हाड मरणं) झालं तर खालचा ओठ बधिर होतो. एक्स-रेमध्ये मुळांच्या मधल्या हाडात आडव्या रेषा, स्टेप-लॅडर म्हणतात त्याला, आणि कवटीला हेअर-ऑन-एंड (उभ्या केसांसारख्या रेषा). हे शेवटचं थॅलेसेमियातही दिसतं, दोन्हीकडे मॅरो (अस्थिमज्जा) पसरतो म्हणून. का होतं ते कळलं की पाठ करावं लागत नाही. असा पेशंट क्रायसिसमध्ये (वेदनांच्या झटक्यात) असेल तर इलेक्टिव्ह (पुढे ढकलता येणारं) काम नाही, आणि इन्फेक्शन, पाणी कमी पडणं या दोन्हीला फार जपायचं.

खर्ऱ्यावर मॅमच लिहितील, मी एवढंच सांगतो की ओपीडीत सकाळपासून दुपारपर्यंत तोंड न उघडणारेच पेशंट बघतोय आणि त्यातले कित्येक माझ्यापेक्षा लहान आहेत. बघवत नाही.

स्लाइडवाली

विदर्भकर, हो, लिहिते. या विषयावर मला कितीही लिहिलं तरी पुरत नाही.

ओरल सबम्युकस फायब्रोसिसचं पहिलं वर्णन श्वार्ट्झने १९५२ मध्ये केलं, केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांचं. पुढच्याच वर्षी मुंबईत जोशींनी टाळू आणि पिलर्सच्या (घशाच्या तोंडाशी असलेल्या कडांच्या) सबम्युकस फायब्रोसिसचे पेशंट नोंदवले. तेव्हा कारण नक्की माहीत नव्हतं, आज आहे: सुपारी. तंबाखूशिवाय नुसती सुपारीही पुरते, हे रानजाई अधोरेखित करून ठेव, कारण "मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी खातो" हे वाक्य तू आयुष्यभर ऐकणार आहेस. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ मध्ये सुपारीलाच ग्रुप १ कार्सिनोजेन, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणारा पदार्थ, ठरवलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण खर्रा टपरीवर समोर घोटून मिळतो, सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून.

सुपारीतलं अॅरेकोलीन फायब्रोब्लास्टला कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं, त्याने लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम जोरात चालतं आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. टॅनिनमुळे ते कोलॅजनेजला (कोलॅजन मोडणाऱ्या एन्झाइमला) तुटेनासे होतात. म्हणजे बनतं जास्त आणि मोडतं कमी. आता स्कर्व्ही आठव, तिथे कोलॅजन बांधलंच जात नाही आणि इथे नको इतकं बांधलं जातं. दोन आजार एकत्र वाच, दोन्ही कायमचे लक्षात राहतील.

स्लाइडवर वर एपिथेलियम (तोंडाचं वरचं अस्तर) पातळ, रीट पेग्ज (त्याची खाली गेलेली टोकं) सपाट, खाली कोलॅजन गुलाबी एकजीव झालेलं, रक्तवाहिन्या आवळलेल्या, पुढच्या स्टेजला स्नायूच्या जागीही तेच. तोंडात आधी तिखटाची जळजळ येते, मग फोड, मग गाल पांढरट पडतो आणि बोट फिरवलं की उभे पट्टे लागतात. हे बोटाने बघायचं, नुसतं आरशाने नाही. तोंड किती उघडतं ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये कॅलिपर लावून मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहायचं. "दोन बोटं" असं लिहू नका, माझी दोन बोटं आणि विदर्भकरची दोन बोटं सारखी नाहीत आणि पुढच्या व्हिजिटला तुलना करता येत नाही. जिभेची हालचाल बघ, उव्हुला (पडजीभ) आखडलाय का बघ, गाल फुगवता येतो का बघ.

आणि सिस्टेमिक कुठे आलं यात? या पेशंटचं हिमोग्लोबिन बघा. जळजळीमुळे माणूस मिरची, भाकरी, फळं सगळं सोडतो, चहाबिस्किटावर राहतो. लोह कमी असलं की एपिथेलियम आणखी पातळ होतं आणि जळजळ वाढते. बाईमाणूस असेल, लोह कमी असेल, जीभ गुळगुळीत असेल आणि घास गिळताना अडकतो म्हणत असेल तर प्लमर-विन्सन डोक्यात यायलाच हवं, कारण तिथे घशाच्या आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचा धोका असतो.

कॅन्सरचा आकडा विचारतात म्हणून सांगते, केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ पेशंटना १७ वर्षं फॉलो केलं होतं, त्यात ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. सुपारी सोडली तर झालेलं फायब्रोसिस सहसा मागे जात नाही पण जळजळ कमी होते आणि पुढचं नुकसान थांबवायची संधी मिळते, हे पेशंटला खरं खरं सांगायचं. खोटी आशा दाखवली की तो परत येत नाही.

प्राजक्त

मी डॉक्टर नाही, पण धागा वाचतेय म्हणून विचारते, चालेल ना? माझ्या सासूबाईंना तीन महिन्यांपासून तोंड येतंय, गालाला आणि टाळूला सालं निघाल्यासारखं होतं, बी कॉम्प्लेक्स झालं, मलम झालं, तूप लावून झालं. आता हिरड्यांचंही साल निघतं आणि भात सुद्धा मऊ करून द्यावा लागतो. अंगावर काहीच नाही. बी१२ वगैरे असेल का?

स्लाइडवाली

प्राजक्त, अहो जरूर विचारा. न बघता निदान सांगणार नाही, पण इतके दिवस बरं न झालेलं तोंड हे मलमावर ठेवायचं नाही, दोन आठवड्यांच्या वर कुठलीही जखम राहिली की दाखवायचंच. साल निघतंय म्हणताय म्हणून जास्त घाई करा. ओरल मेडिसिन किंवा ओरल पॅथॉलॉजी विभाग असलेल्या डेंटल कॉलेजात किंवा चांगल्या स्किनच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या, आणि आत्तापर्यंतची सगळी औषधं, बीपीशुगरच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्या.

रानजाई, आता हे तुझ्यासाठी. वयस्क बाई, महिनोन्महिने तोंड सोलवटतंय, अंगावर काही नाही. पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्युकस मेंब्रेन पेम्फिगॉइड आणि इरोझिव्ह लायकेन प्लॅनस, ही तीन नावं तुझ्या तोंडून लागोपाठ यायला हवीत. पेम्फिगस अर्ध्याहून जास्त लोकांत आधी तोंडातच येतो आणि जातानाही तोंडातून शेवटी जातो. डेस्मोग्लीन ३ विरुद्ध अँटिबॉडी बनतात, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं तेच, म्हणून पेशी सुटतात आणि बेसल थराच्या अगदी वर फट पडते. खालचा बेसल थर जागेवर एका ओळीत उभा राहतो, त्याला थडग्यांची रांग म्हणतात, आणि फटीत गोल गोल सुट्या त्झँक पेशी तरंगताना दिसतात. एकदा चांगली स्लाइड फोकस करून बघितलीस की विसरणार नाहीस. पेम्फिगॉइडमध्ये फट एपिथेलियमच्या खाली असते, आख्खं एपिथेलियम अखंड उचललं जातं. निकोल्स्की साइन, म्हणजे नॉर्मल दिसणाऱ्या जागी बोटाने घासलं की ओल्या कागदासारखं साल सुटतं, ते पेम्फिगसचं म्हणून शिकवतात पण पेम्फिगॉइडमध्येही मिळू शकतं, त्यामुळे त्यावरच थांबू नकोस.

आता जे पुस्तकात दोन ओळीत असतं ते. बायोप्सी उघड्या जखमेतून घ्यायची नाही, तिथे एपिथेलियमच नसतं, मी स्लाइडवर बघू काय? कडेची, वरून चांगली दिसणारी जागा घ्यायची आणि दोन तुकडे घ्यायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, आणि दुसरा डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चकाकणाऱ्या रंगाने टिश्यूतल्या अँटिबॉडी शोधण्यासाठी) मिशेल्स मीडियममध्ये. तो नसेल आणि लॅब जवळ असेल तर नॉर्मल सलाइनमध्ये लगेच पोचवायचा. दुसरा तुकडाही फॉर्मॅलिनमध्ये टाकला की ती तपासणी गेली, पेशंटला परत कापायचं.

स्किन_रेसिडेंट

डर्मॅटची रेसिडेंट आहे, मॅमना दुजोरा. आमच्याकडे पेम्फिगसचे पेशंट येतात तोवर तोंडाच्या तक्रारीवर कित्येक महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या झालेल्या असतात. स्टिरॉइड यायच्या आधी या आजारात बहुतेक पेशंट दगावत, आता तसं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रिटुक्सिमॅबला यासाठी मान्यता दिली, आपल्याकडेही देतात. लवकर आला तर खरंच चांगला रिस्पॉन्स मिळतो. पेम्फिगॉइड निघालं तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवायला विसरू नका, पापणी आतून चिकटत जाते आणि दृष्टी जाऊ शकते. आणि डेंटलवाल्यांना विनंती, निदान व्हायच्या आधी स्टिरॉइड सुरू करू नका, बायोप्सी धुरकट होते.

घाटावरचा_डेंटिस्ट

बी१२ चा विषय निघालाच आहे तर, गुळगुळीत लाल जीभ आणि जळजळ असलेला डायबेटिक आला तर मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे विचारा. त्याने बी१२ कमी होतं. नुसतं फॉलिक अॅसिड देऊन पाठवू नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. हातापायाला मुंग्या येतात का हेही डेंटिस्टने विचारायला हरकत नाही.

रानजाई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. तक्ता उलटा केला, तिसरा रकाना भरतेय. मॅम, म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पण त्यात घालू ना? आमच्या एका सरांनी २०२१ चे फोटो दाखवले होते, टाळू काळा पडलेला. आणि अॅस्परजिलस (दुसरी एक बुरशी) आणि म्युकरच्या स्लाइडमध्ये मी दरवेळी घोटाळते.

स्लाइडवाली

घालच. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो नोटिफायेबल (प्रत्येक पेशंट सरकारला कळवायचा) करायला सांगितला होता, इतके पेशंट होते, आणि आमच्याकडे रोज टिश्यू यायचे. कोविड, स्टिरॉइड आणि शुगर हाताबाहेर, असं एकत्र जुळून आलं होतं. डायबेटिक पेशंटचे वरचे चांगले दात एकाच बाजूला अचानक हलायला लागले, गाल बधिर, नाक चोंदलेलं, तर टाळू काळा पडायची वाट बघू नका, त्याच दिवशी शुगर आणि सायनसचं स्कॅन.

स्लाइडसाठी असं बघ: म्युकरचे हायफे (बुरशीचे धागे) रुंद, पट्टीसारखे, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत, फांदी काटकोनात फुटते. अॅस्परजिलसचे बारीक, पडदेवाले, फांदी ४५ अंशात. आणि म्युकर रक्तवाहिनीत घुसतो, रक्तपुरवठा बंद पडतो, म्हणून हाड आणि टाळू मरतं. काळेपणा हा मेलेल्या टिश्यूचा आहे, बुरशीचा रंग नाही.

विदर्भकर

मॅम एक शंका. जबड्यातला जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हायपरपॅराथायरॉइडचा (पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करते तेव्हाचा) ब्राउन ट्यूमर, स्लाइडवर फरक काय लिहायचा? परीक्षेत डिफरन्शिएट विचारलं तर?

स्लाइडवाली

स्लाइडवर फरक नाही, तसंच लिही, ते उत्तर बरोबर आहे. दोन्हीकडे त्याच जायंट सेल्स, तोच रक्तस्राव. फरक रक्तात सापडतो: सीरम कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथॉर्मोन (त्याच ग्रंथीचं हार्मोन). एक्स-रेत दातांभोवतीची लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीची हाडाची पांढरी रेष) गेलेली दिसते का बघ, किडनीचा आजार किंवा डायलिसिस आहे का विचार, मुतखडे होऊन गेलेत का विचार. मी जबड्यातल्या प्रत्येक जायंट सेल लिझनच्या रिपोर्टखाली कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन तपासून घ्या असं लिहितेच.

आणि इथेच सगळ्या भावी डेंटिस्टना एक कळकळीची विनंती आहे. बायोप्सीच्या फॉर्मवर "जबड्यात गाठ" एवढंच लिहून बाटली पाठवू नका. वय, किती दिवसांपासून, चालू औषधं, शुगर, किडनी, सुपारी-तंबाखू, एक्स-रेत काय दिसलं आणि तुम्हाला काय वाटतंय ते लिहा. जमल्यास फोटो आणि एक्स-रे जोडा. माझ्यापुढे फक्त काही मिलिमीटरचा तुकडा असतो, माणूस तुम्ही बघितलेला असतो.

प्राजक्त

मॅडम, सासूबाईंना आज डेंटल कॉलेजात नेलं होतं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन तुकडे घेतले, एक वेगळ्या बाटलीत. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे, इथे कळवते. तोवर जेवायला काय देऊ?

स्लाइडवाली

बरं झालं नेलंत. गार किंवा कोमट, मऊ आणि बेचव वाटलं तरी चालेल असं द्या, ताक बिनतिखटाचं, मऊ भात-वरण, शिरा, पिकलेलं केळं. आंबट, कुरकुरीत नको. ब्रश अगदी मऊ घ्या आणि फेसाची झोंबणारी पेस्ट काही दिवस बंद ठेवा. पाणीही गिळता येईनासं झालं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले तर रिपोर्टची वाट न बघता लगेच परत न्या.